बसतंय का, फोडून बघ

निंबाला फुलोरा आला की आमच्या दुकानात परीक्षेच्या शुभेच्छा छापायला माणसं येतात. शहागंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. नवरा मशीन सांभाळतो, मी कॉम्प्युटरवर मजकूर बसवते. यंदाही फेब्रुवारी लागला तशी गर्दी सुरू झाली. होतकरू पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, खाली दहावी-बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा, आणि हल्लीचं नवं फॅड म्हणजे त्याखाली इंग्रजीत एक ओळ. म्हणायचं असतं 'तू सगळ्यात भारी आहेस', आणि लिहून आणलेलं असतं 'तुझं सगळ्यात भारी'. 'यू आर' जोडून म्हटलं की ते 'युअर'सारखंच ऐकू येतं, म्हणून लिहिणाऱ्याला काही वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. मला वाटतं. गेल्या वर्षीपासून तर जास्तच.

परवा एक बांगड्यांचा व्यापारी आला होता. रमजान तोंडावर, त्याला दुकानासाठी नवी पाटी हवी होती. त्यानं 'बँगल्स'मधल्या शेवटच्या अक्षराआधी, वरच्या बाजूला, एक टिकला देऊन आणला होता. मी तो काढून टाकला.

"कायकू निकालते बाजी? रहने दो ना. उसके बगैर इंग्लिश सूनी-सूनी दिखती."

"भाई, वो लगाया तो मतलब होता, बांगड़ी का. बांगड़ी का क्या?"

"बांगड़ी का दुकान, बाजी!"

मी टिकला परत लावला, पाटी छापली आणि तो खुश होऊन गेला. अण्णा पूर्वीसारखे असते तर त्यांनी त्याला समोर बसवून, चहा पाजून, टिकला काढूनच पाठवला असता. अण्णा म्हणजे माझे वडील. आता हर्सूलच्या बाजूला आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात. समोरच्या निंबाचा फुलोरा त्यांच्या मांडीवर गळतो आणि तो झटकायलाही त्यांना डावा हात वापरावा लागतो.

टिकला हा अण्णांचाच शब्द. इंग्रजी अक्षराच्या डोक्याशी कडेला येणाऱ्या त्या बारीक शेपटीला अपॉस्ट्रॉफी म्हणतात हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं, पण आमच्या गावी, पिशोरच्या शाळेत शिकवताना त्यांनी तो शब्द क्वचितच वापरला. "पोरांची जीभ वळायच्या आत तास संपतो," असं म्हणायचे. टिकला म्हणजे इथून एखादं अक्षर गळालंय, त्याची खूण, इतकंच त्यांचं व्याकरण. 'इट इज' भरभर म्हणताना मधला आय गळून पडला, जाताना डोक्यावर टिकला ठेवून गेला. टिकल्याचं 'इट्स' म्हणजे 'ते आहे'. बिनटिकल्याचं 'इट्स' म्हणजे 'त्याचं'. उच्चार अगदी एक. मग ओळखायचं कसं, तर फोडून.

"द डॉग लॉस्ट इट्स बोन. फोड!"

"द डॉग लॉस्ट इट इज बोन!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा.

"बसतंय का?"

"नाऽऽय सर!"

"मग टिकला काढ. आता यू'र लेट. फोड!"

"यू आर लेट!"

"बसतंय?"

"बसतंय सर!"

"मग टिकला लाव, अन् उशिरा आलायस तर बाहेर उभा ऱ्हा."

असं 'हूज'चं, असं 'देअर'चं. 'हू इज' बसलं तर टिकला, नाही बसलं तर 'कुणाचं'. आमच्या शाळेच्या भिंतींना कान असते तर त्या भिंतीही इंग्रजीत पास झाल्या असत्या. मी त्याच वर्गात शिकले. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, की सर, रामची सायकल लिहिताना रामला टिकला लावतो, मग 'त्याची' सायकल म्हणताना का नाही? अण्णा म्हणाले, "नाव परकं असतं. त्याला खूण लावावी लागते. 'त्याचं', 'तिचं', 'तुझं', 'कुणाचं' ही घरची माणसं. घरच्या माणसाला खूण कशाला लावायची?" जाणकारांच्या दृष्टीनं ही साफ थाप असेल. पण आजही माझा हात त्या थापेवरच चालतो आणि चुकत नाही.

त्यांच्या शिकवण्याची खरी गंमत वेगळीच होती. ते मुद्दाम चुकायचे. फळ्यावर अगदी गंभीर चेहऱ्यानं चुकीचं वाक्य लिहायचे, तोंडानं चुकीचं म्हणायचे आणि पुढं जायचे. जो पकडेल त्याला शाबासकी. त्यामुळे त्यांच्या तासाला पोरं झोपत नसत. सर कधी चुकतील यावर टपून बसत. चूक सापडली की सगळे मिळून ओरडायचे, "बसत नाय सर!" आणि अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे, जणू खरंच पकडले गेले. घरीही हाच खेळ. जेवताना म्हणायचे, "मीना, आज वरणाचा रंग काय निळा झालाय." मी ओरडले की हसायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "शाळा तिकडं ठिवून येत जावा की."

शहरात आले की मात्र हा खेळ संपायचा. स्टँडपासून दुकानापर्यंत चालत येताना ते पाट्या वाचत यायचे आणि दुकानात शिरेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. मी म्हणायची, "अण्णा, सोडा ना. माणसाला दुकान कळलं, झालं." ते म्हणायचे, "मीना, चूक रोज बघितली ना, की ती बरोबर दिसायला लागते. म्हणून पहिल्या दिवशीच बोलायचं." मी मान हलवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, की गिऱ्हाईक गेलं तर तुम्ही भरून देणार आहात का.

निवृत्त झाल्यावरही एक तास त्यांनी सोडला नव्हता. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोरं जमायची आणि सरांकडून 'फोडून' घ्यायची. पिशोरमध्ये तशी समजूतच होती, की सरांकडून फोडून घेतलं नाही तर पेपर जड जातो. आयाबाया पोरांना आंघोळ घालून पाठवायच्या. नवीन मास्तर आले, मोबाईल आले, फोनवर शिकवणारे लोक आले, पण हा तास टिकला.

गेल्या वर्षी याच दिवसांत, त्याच व्हरांड्यात ते घडलं. मी तिथं नव्हते. पहिल्या रांगेत बसलेल्या आरती नावाच्या मुलीनं मला नंतर सगळं सांगितलं, आणि आता ते मला डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसतं. शेतांतून ज्वारी काढून झालेली, हरभरा सोंगायला माणसं गेलेली, त्यामुळे गाव सामसूम. व्हरांड्यात उन्हाचा पट्टा. अण्णांनी 'द डॉग लॉस्ट' म्हटलं आणि पुढं म्हणाले, "पाणी."

पोरं क्षणभर थांबली आणि मग ओरडली, "बसत नाय सर!"

अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी वाक्यात धड इंग्रजीही नव्हतं, मराठीही नव्हतं. पोरांना वाटलं, पेपर उद्यावर आलाय म्हणून सर आज अवघड खेळतायत. ती आणखी जोरात ओरडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अण्णांच्या हातातून खडू पडला तेव्हाही पोरं हसली. ते त्या हसणाऱ्या पोरांकडे बघत राहिले, ओठ हलवत राहिले, आणि पोरं त्यांच्या प्रत्येक शब्दाला आनंदानं ओरडत राहिली, बसत नाय सर, बसत नाय. अण्णा भिंतीला धरून खाली बसले तेव्हा कुठं आरती उठली आणि आमच्या घराकडे पळत गेली.

अर्धांगाचा झटका होता, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यात कुणावर ठपका नव्हता, ते सगळ्याच घरच्यांना तसंच म्हणत असतील. पण माझ्या डोक्यातून तो व्हरांडा जात नाही. त्या क्षणी अण्णांना काय वाटलं असेल? आपले शब्द आपल्याला सोडून चाललेत हे त्यांना कळलं असणार. ते मदत मागत होते आणि समोरची पोरं, त्यांची लाडकी, त्यांनीच तयार केलेली पोरं, टाळ्या वाजवत होती. पोरांची काहीच चूक नाही, आणि तरी मला त्यांचा राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते. हे असं वर्षभर चाललंय.

दवाखान्यातून ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. बसतंय. चहा हवा का? बसतंय. उशी नीट आहे का? बसतंय. दुखतंय का कुठं? बसतंय. मेंदूला असा झटका बसला की काही माणसांचं असं होतं म्हणे. एखादाच घासून गुळगुळीत झालेला शब्द जिभेवर राहतो आणि बाकी सगळं आत अडकतं. अक्षर गळालं की तिथं टिकला ठेवायचा, असं त्यांनी हजारो पोरांना शिकवलं. त्यांचे स्वतःचे शब्द मात्र कुठलीच खूण न ठेवता गेले. आत काय राहिलंय, काय गेलंय, बाहेरून काहीच समजत नव्हतं.

आई त्यांच्याबरोबर आली होती, पण लेकीच्या घरी राहणं तिच्या जिवावर आलं होतं. नळाला पाणी आलं की माझ्याआधी उठून ड्रम भरायची, भाजी निवडायची, भांड्याला हात लावू द्यायची नाही. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. एवढी कामं करून झाली की अण्णांच्या खुर्चीशी खाली बसायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

वाचा-उपचार करायला एक तरुण मॅडम घरी यायच्या. स्वभावानं गोड, कामात पक्क्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. कप. कंगवा. गाय. अण्णा प्रत्येक चित्राला बसतंय म्हणायचे. एकदा त्यांनी आईकडे बोट केलं आणि विचारलं, "आजोबा, या कोण? यांचं नाव काय?"

अण्णांनी आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली. बसतंयसुद्धा म्हणाले नाहीत.

"शेवंताबाई, काळजी करू नका," मॅडम आईला म्हणाल्या, "जवळच्या माणसांची नावं आठवायला कधी कधी वेळ लागतो."

आईनं मान हलवली. मॅडम गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "मीना, त्यायनी मला वळखलं नाय का गं?"

मी त्या मॅडमना काय आणि कसं सांगणार होते? अण्णांनी आईचं नाव कधी घेतलेलंच नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात एकदाही मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. हाक मारायची झाली तर 'अगं', नाहीतर 'मीनाची आई', आणि दुसऱ्यांशी बोलताना 'आमच्या घरात'. आईचंही तेच. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका फारच मागं लागल्या तर उखाण्यात, दोन ओळींच्या आडून, घाईघाईनं नाव घ्यायची आणि तोंडाला पदर लावायची. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिनं मला कोपरानं ढोसलं होतं. "तू सांग." नवरा तिकडं आत, त्याचा जीव टांगणीला, आणि ही बाई त्याचं नाव जिभेवर घेईना. मी चिडून नाव सांगितलं होतं.

तर आता जे नाव माणसानं आयुष्यात उच्चारलं नाही, ते त्याला आठवत नाही असं म्हणायचं, की ते घ्यायचं नसतं एवढं त्याला अजून आठवतंय असं म्हणायचं? ते गप्प बसले ते विसरले म्हणून, की चारचौघांत बायकोचं नाव काय घ्यायचं म्हणून? मला ठरवता येईना. आणि आईला तर एवढ्याच एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. ते चालतील का, हात हलेल का, पुन्हा इंग्रजी बोलतील का, यातलं तिनं कधी काही विचारलं नाही. दिवेलागणीला देवाजवळ निरांजन ठेवलं की माझ्याकडे वळायची. "मला वळखतेत का नाय, एवढं तेवढं सांग." मी म्हणायची, "ओळखतात गं आई. न ओळखायला काय झालं?" आणि मला ठाऊक होतं की मी तिला धीर देतेय, उत्तर देत नाहीये.

मग मला वाटलं, अण्णांना बोलतं करायचं तर चूक करायला हवी. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्याची चूक बघून गप्प बसू शकला नाही. मी दुकानात एक फलक छापला, चांगला भिंतभर. इंग्रजीत लिहिलं, 'हे आमचं घर आहे', आणि जिथं टिकला हवा तिथून काढला, जिथं नको तिथं लावला. नवरा म्हणाला, "अगं, हे काय करतेस?" मी म्हटलं, "छाप तू." अण्णांच्या समोरच्या भिंतीवर तो लावला आणि बाजूला उभी राहिले.

अण्णांनी फलक वाचला. त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकले, ते मी पाहिलं. मग माझ्याकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "बसतंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. लहानपणी त्यांनी माझ्या किती निबंधांवर लाल शाई ओतली होती. तेव्हा वाटायचं, एकदा तरी म्हणावं यांनी, की छान आहे. आता म्हणाले आणि ते मला सहन होईना.

पेपर संपल्यावर आरती वडिलांबरोबर एसटीनं आली. कापडात बांधून हरभऱ्याचा डहाळा आणला होता. अण्णांच्या पायाशी बसली आणि तिला रडूच आवरेना. "सर, आमाला वाटलं तुम्ही मुद्दाम चुकताय. आईच्यान सर, आमाला कळलंच नाय." अण्णांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, मी चुकीचं म्हणते, तुम्ही पकडा." तिनं एकामागून एक चुकीची वाक्यं म्हटली. 'कुणाचं'च्या जागी 'कोण आहे', 'त्यांचं'च्या जागी 'ते आहेत'. प्रत्येक वाक्यानंतर थांबून ती आशेनं वर बघायची. अण्णा प्रत्येक वाक्याला प्रेमानं म्हणायचे, बसतंय. शेवटी तिच्या वडिलांनीच तिला उठवलं.

आई हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होती. आरती गेल्यावर तिनं डहाळा पुढ्यात ओढला आणि घाटे सोलायला लागली. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. आई मला म्हणाली, "तुमच्या समद्यांच्या चुका त्या इंग्रजीतल्या. त्यायला आता त्या कळत नाय. चूक घरातली पायजे."

"म्हणजे?"

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. अण्णांकडे बघितलं नाही, सोललेल्या हरभऱ्याकडे बघत राहिली, आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "रंगनाथ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी अरेतुरेवर आली. "ए रंगनाथ, च्या घेतो का?"

अण्णांची मान गर्रकन वळली. चेहरा लाल झाला. डाव्या हाताची थाप खुर्चीच्या दांड्यावर पडली. ओठ थरथरले, आणि आतून कुठूनतरी ओढून काढावा तसा एकेक शब्द बाहेर आला.

"अगं... नाव... घेती?"

आईच्या मांडीवरचे घाटे फरशीवर सांडले. ती हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. "वळखलं," ती म्हणाली, "मीना, वळखलं गं मला." आणि तिचं खरं होतं. दवाखान्यात सिस्टर दिवसातून दहादा 'रंगनाथ काका' म्हणून ओरडायच्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. जगात एकाच माणसानं ते नाव घ्यायचं नसतं, आणि ते माणूस कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरी नवा रिवाज पडला. रोज चहाच्या वेळी आई एकदा त्यांचं नाव घ्यायची आणि अण्णा चिडायचे. चिडले की एखादा शब्द सुटायचा. 'गप', 'लाज', 'पुरे'. मॅडमनी डोक्याला हात लावला, पण चालू ठेवा म्हणाल्या. पावसाळ्यात ते 'पाणी' म्हणायला लागले, दिवाळीत 'मीना' म्हणाले. त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. अण्णा चिडले की आई टवटवीत दिसायची. चाळिशी ओलांडलेल्या मुलीला आईबापांचं भांडण बघून इतका आनंद होतो हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पण माझ्या मनात एक भीती होती, ती मी आईला बोलून दाखवली नाही. चूक रोज बघितली की ती बरोबर दिसायला लागते. अण्णांचंच वाक्य. थंडी सुरू झाली तसा त्यांचा राग पातळ व्हायला लागला. आधी हात आपटायचे, मग नुसतं बघायला लागले, मग 'हं' म्हणून कप घ्यायला लागले. आईच्याही ध्यानात आलं होतं. संक्रांतीला तिळाच्या वड्या थापताना म्हणाली, "आता राग नाय येत त्यायला." तिचा आवाज मला अजिबात आवडला नाही. आमच्याजवळ एकच किल्ली होती आणि आम्ही ती रोज फिरवून झिजवली होती. मला वाटायचं, आईनं ती जपून वापरायला हवी होती. मग वाटायचं, जपून ठेवायला त्यांच्याजवळ दिवस किती आहेत?

आणि यंदाचा फेब्रुवारी आला. पिशोरहून आरतीचा फोन आला. ती आता अकरावीला आहे. पेपरच्या आदल्या सकाळी व्हरांड्यात पोरं जमणार आहेत, सर नाहीत तर मी फोडून घेईन म्हणाली, चालेल का? मी म्हटलं, चालेल. फोन ठेवल्यावर अण्णांना सांगितलं. त्यांना किती समजलं कुणास ठाऊक. ते निंबाकडे बघत होते आणि मला तो व्हरांडा, तो उन्हाचा पट्टा, त्या टाळ्या पुन्हा दिसायला लागल्या. मला वाटतं हा मोहोर दर वर्षी मला असाच छळणार.

काल दुपारी मी जेवायला घरी गेले होते. दुकानात शुभेच्छांचं काम साठलेलं, बांगड्यावाला पाटीचा आकार बदलून मागत होता, डोकं भणभणत होतं. अण्णा गॅलरीत, मी आत ताटावर. आई चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेली. सवयीनं म्हणाली, "रंगनाथ, च्या."

ते रागावले नाहीत. मी ताटावरून मान वर केली. आई कप हातात धरून तशीच उभी होती. ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा घाबरून, "रंगनाथ?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. त्यांचे ओठ हलायला लागले. मला व्हरांड्यातले त्यांचे ओठ आठवले आणि माझा घास हातातच राहिला. मग ते बोलले. पोरांना शब्द फोडून दाखवायचे तसं, एकेक तुकडा वेगळा करून.

"शे... वं... ता."

आईनं कप खाली ठेवला, डोक्यावरून घसरलेला पदर पुढं ओढला, पार कपाळापर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, "अवं, पोरगी बसलीय ना तिथं."

मी ताट तसंच ठेवलं, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेऊन दुकानात निघून गेले.